बंद ड्रायरचं पोट

कल्पेश मेला तेव्हा उन्नती रडली नाही, ही गोष्ट मांजर्लीपासून बदलापूर गावापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ होती. तिरडी उठली तेव्हा नाही, दहाव्याला कावळा शिवता शिवेना तेव्हा नाही, आणि बांगड्या उतरवायला आलेल्या बायकांना तिने "मी काढणार नाय, चहा घ्या आणि निघा" असं सांगितलं तेव्हा तर नाहीच. बायकांनी चहा घेतला. मग बाहेर जाऊन जे बोलायचं ते बोलल्या. नवरा गेल्यावर बाईने किती रडावं याचं माप शेजारणी ठरवतात, आणि त्या मापात न बसणारी बाई त्यांना भुतापेक्षा जास्त भीती घालते.

खरं सांगायचं तर तिला काही वाटतच नव्हतं. दाढ काढल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं तिचं डोक्यापासून पायापर्यंत झालं होतं. सकाळी उठायचं, प्रसूतिगृहाच्या चादरी धुवायच्या, ड्रायरमध्ये टाकायच्या, घड्या घालायच्या. ड्रायरच्या घरघरीत कुणाशी बोलावं लागत नाही. कुणी डोळ्यांत बघून "कशी आहेस गो?" विचारत नाही. म्हणून ही लाँड्री तिला हवी होती. बाकी कशासाठी नाही.

नदीकडच्या रस्त्याला तिचा गाळा. आत दोन एकसारखे ड्रायर, लोखंडी कपाटाएवढे, कुठल्यातरी बंद पडलेल्या हॉटेलातून उल्हासनगरच्या भंगारात आलेले. अमेरिकन. ज्या कंपनीने बनवले ती कंपनीही कधीच बुडाली होती, त्यामुळे पार्ट मिळायचा प्रश्नच नव्हता. कल्पेशने पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याने आणि रिक्षाच्या बेअरिंगने ते चालते ठेवले होते. मग पूर आला आणि दोन्ही मशीन गाळात गेली. एक त्याने पुसून-घासून उभं केलं. दुसऱ्याला "करतो" म्हणाला. वर्षं गेली, तो "करतो"च म्हणत राहिला. शेवटी त्याच मशीनच्या मागे स्टुलावर बसलेला असताना, हातात स्क्रू-ड्रायव्हर असताना, तो बाजूला कलंडला.

त्या दिवसापासून सासूने, सगुणाबाईंनी, त्या बंद मशीनवर त्याचा हार घातलेला फोटो ठेवला. रोज उदबत्ती. "माझ्या पोराचा शेवटचा हात त्याला लागलाय. कोणी शिवायचं नाय."

उन्नतीही शिवली नाही. पण तिचं कारण वेगळं होतं. तिला आपलं वाटायचं की आपलं रडणं त्या पत्र्यामागे अडकलंय. तो पत्रा काढला की येईल. आणि आलं तर थांबवायचं कसं, हे तिला माहीत नव्हतं.

पावसाने जोर धरला, दोरीवर चादर वाळायची आशा संपली, आणि नेमका तेव्हाच चालू ड्रायर किंचाळायला लागला. ड्रम ज्यांच्यावर फिरतो ते खालचे दोन रोलर झिजले होते.

मोठे दीर भूपेश छत्री झटकत आत आले. "उन्नती, किती दिवस ऐकायचं हे? बाजूला दुसरं मशीन उभं आहे ना, त्याचे रोलर काढ आणि याला लाव. सोप्पी गोष्ट आहे."

"आई शिवू देत नाहीत."

"मग दोन्ही विक. गाळा भाड्याने दे. मोमोवाला दोनदा विचारून गेला."

"मोमो तुम्हीच विका, भाऊजी. तुम्हाला शोभेल."

"मस्करी नको करू. मशीन बंद पडलं तर मी तुझं काय ऐकणार नाय, सांगून ठेवतो. गाळा बाबांच्या नावावर आहे."

दुसऱ्या दिवशी मशीन बंद पडलं. आत ओल्या चादरींचा लगदा. प्रसूतिगृहाच्या सिस्टरने फोनवर सांगितलं, "ताई, उद्या संध्याकाळपर्यंत नाही आल्या तर मी बेलवलीतल्या दुसऱ्या लाँड्रीला देते. बाळंतिणींना काय वर्तमानपत्रावर झोपवू?"

उन्नतीने कालपर्यंत चालणाऱ्या त्या मशीनचे दोन्ही रोलर काढले. कल्पेशच्या मागे टॉर्च धरून उभं राहण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती, तेवढं तिला येत होतं. रोलर पिशवीत टाकून ती अंबरनाथच्या एमआयडीसीत लोखंडी पार्ट कातून देणाऱ्या कमळाकरच्या लेथवर गेली. कल्पेशचा हा जुना दोस्त.

कमळाकरने एक रोलर बोटांत फिरवला. "वैनी, याचा तर पापड झालाय. मूळ माप काय होतं ते मला कसं कळणार? कमी पडलं तर ड्रम घासणार, जास्त झालं तर पत्रा फाडणार. एक कोरा पीस आणा, त्यावरून करून देतो."

"पण हा तुम्हीच बनवलेला ना? मागच्या वर्षी?"

"मी? नाय वो. हा ओरिजिनल आहे. हा बघा ओतलेला नंबर."

"कल्पेश म्हणाला होता, तुम्ही बनवलात."

कमळाकरने नजर लेथकडे वळवली. "बनवला असता तर मजुरी म्हणून तुमच्याकडे मच्छी खायला नसतो आलो का, वैनी?"

ती परत आली तेव्हा सगुणाबाई बंद मशीनसमोर स्टुलावर ठाण मांडून बसल्या होत्या. मशीन बंद पडल्याचं भूपेशनी फोन करून सांगितलं असणार.

"आई, उठा. उघडायचंय."

"नाय."

"मला कोरा रोलर हवा. नाहीतर उद्यापासून इथे मोमो उकडतील. मग उदबत्ती कुठे लावणार, मोमोच्या भांड्याला?"

म्हातारी कुरकुरत उठली. मग फोटो उचलला, पदराने पुसला आणि मांडीवर घेऊन बसली. "उघड. माझ्यासमोर उघड."

मागचे स्क्रू अर्धे सैल होते. त्यानेच केलेले. उन्नतीने उरलेले काढले आणि पत्रा बाजूला ठेवला. छातीत काहीतरी होईल म्हणून ती थांबली. टॉर्च लावला.

आत काहीच नव्हतं.

मोटर नव्हती. पंखा नव्हता. हीटरची कॉईल नव्हती, पट्टा नव्हता. तारासुद्धा कापून नेलेल्या. आणि रोलरच्या जागी दोन लाकडी ठोकळे. समोरून दार उघडलं तरी ड्रम सरळ दिसावा, हलू नये, म्हणून त्याखाली बसवलेले.

तो मशीन दुरुस्त करत नव्हता. इतकी वर्षं तो ते खात होता. चालू मशीनचं काही गेलं की इथून काढायचं, तिथे लावायचं. आणि घरी काय सांगायचा? पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचा आणि दारातूनच ओरडायचा, "मिळाला गो! उल्हासनगर पालथं घातलं, तो सिंधी सोडत नव्हता!" ती त्याला गरम भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी करून घालायची. तो उल्हासनगर पालथं घातलेल्या माणसासारखा जेवायचा. पुरानंतर तीच म्हणाली होती, दुसरं भंगारात काढ. तेव्हा आईसमोर छाती काढून म्हणाला होता, दोन्ही चालवून दाखवतो. मग त्या बढाईवरून खाली उतरायचं कसं, ते त्याला कळलं नसेल.

राग यायला हवा होता. ती वाट बघत उभी राहिली. आला नाही.

तिने जॅक लावून ड्रम किंचित उचलला, एक ठोकळा ओढून काढला आणि टॉर्चच्या उजेडात धरला. सगुणाबाई पुढे वाकल्या.

"बघू." त्यांनी लाकडावर अंगठा फिरवला. एका कडेला पितळी फूल ठोकलेलं होतं. "हा माझा पाट हाय!"

"कोणता पाट?"

"गौरीचा! हरवला म्हणून मी तुला शिव्या घातल्या तो! माहेरी दिलास बोलले तुला! मेल्या, चोरलास व्हय आयशीचा पाट! कापलास!" म्हातारीने फोटोवर फाडकन थप्पड मारली, आणि मग तोच फोटो छातीशी धरून मोठ्याने रडायला लागली. जवान पोराला नेलं तेव्हा रडली नसेल इतकी त्या पाटासाठी रडली.

उन्नतीने तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताला पाठ लागली, एवढंच.

दुसऱ्या हातात ठोकळा होता. खालून रोलरच्या दांड्यावर बसेल अशी खाच. वरून ड्रमच्या गोलाईला मिळेल असा कापलेला, पॉलिशपेपरने घासलेला. म्हणजे मधलं अंतर? तिने ठोकळा उलटसुलट केला. कोरा रोलर दांड्यापासून जेवढा वर येतो तेवढंच, नाहीतर ड्रम वाकडा दिसला असता आणि तो पकडला गेला असता. लबाडी लपवायला माणूस केवढी मेहनत घेतो.

सकाळी ठोकळा कमळाकरच्या टेबलावर होता. त्याने माप घेतलं, पुन्हा घेतलं. "दांड्याच्या मध्यापासून वरपर्यंत. याच्या दुप्पट केलं की झाला रोलर. कोणी कापला?"

"त्यानेच."

"हात होता हां कल्पेशचा."

"हात होता. तोंड खोटं होतं."

कमळाकरने लेथ सुरू केला. दुपारपर्यंत त्याने दोन्ही रोलरवर जाड रबर चढवून ते मापात घासून दिले. संध्याकाळी प्रसूतिगृहात चादरी पोहोचल्या, जरा दमट, पण पोहोचल्या. सिस्टरने नाक मुरडलं आणि पुढचं गाठोडं दिलं.

रिकाम्या मशीनचा सांगाडा उल्हासनगरचा भंगारवाला घेऊन गेला. उचलताना त्याची दोन माणसं हसली. "भाभी, ये तो हल्का है, अंदर का माल किसने खाया?"

"घरच्याच माणसाने," उन्नती म्हणाली.

दोन्ही ठोकळे सगुणाबाईंनी घरी नेले आणि तांदळाच्या डब्याखाली सरकवले. पाट तो पाट, म्हणाल्या, कापला तरी आपलाच. तू का रडली नाहीस, हे मात्र त्यांनी सुनेला पुन्हा कधी विचारलं नाही.

फोटो आता चालू ड्रायरवर असतो. भूपेश परवा येऊन म्हणाले, "भिंतीला लाव ना तो, बरं दिसत नाय."

"भिंतीला ओल येते," ती म्हणाली.

ड्रायर सुरू झाला की फोटो थरथरतो आणि हळूहळू कडेला सरकत येतो. चादरी निघेपर्यंत अर्धा बाहेर आलेला असतो. ती गरम चादर एका हाताने खांद्यावर टाकते, दुसऱ्या हाताने त्याला मागे ढकलते, आणि पुढचा घाणा आत भरते.