मंजूर सहा, हजर एक

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला 'तोफ' म्हणतात. म्हणोत बापडे.

काम म्हणाल तर सरकारच्या उपभोग खर्चाचा तक्ता करायचा. रस्ते-धरणं सोडून सरकार रोजच्या रोज लोकांसाठी जे वापरतं, ते सगळं यात येतं: मास्तरांचे पगार, नर्सचे पगार, औषधं, खडू, फायली. एका रकान्यात आपला देश, दुसऱ्यात नदीपलीकडचा शेजारी. माणसं जवळपास तेवढीच, जमीन तेवढीच, ऊनसुद्धा तेच. त्यामुळे त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय आमच्या मंत्र्यांना चैन पडत नाही.

आता यातली मेख ऐका. शेजारी खरोखर झालेला खर्च लिहितात. आमच्याकडे खात्यांचे खरे आकडे दोन-दोन वर्षं येत नाहीत, म्हणून मंजूर झालेला पैसा 'खर्च झाला' असं धरायची पद्धत आहे. पद मंजूर म्हणजे पद भरलं, पद भरलं म्हणजे पगार दिला. झालं! कोणी पाडली ही पद्धत, देव जाणे. मीही नोकरीला लागल्यापासून तीच गिरवत आले.

माझी धाकटी बहीण नदीकाठच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिथे नर्स मंजूर सहा, हजर एक. ती एकटी. तीन वर्षं अर्ज करत होती, की सहाचं राहू द्या, निदान आणखी एक तरी द्या. मग एका सकाळी दोन बाळंतपणं एकाच वेळी आली. एकीला सांभाळेपर्यंत दुसरीचं मूल गेलं. फोनवर ती एवढंच म्हणाली, "ताई, हात दोनच आहेत गं मला."

म्हणून मागच्या वर्षी मी तक्त्याखाली एक ओळ टाकली: 'आपला आकडा मंजूर रकमेचा आहे, झालेल्या खर्चाचा नाही.' साहेबांनी लगेच आत बोलावलं.

"बाई, ही ओळ कशाला?"

"खरी आहे म्हणून."

"खरी आहे हो! पण आपण त्यांच्या पुढे आहोत, मंत्री भाषणात सांगणार आहेत. तुम्ही कशाला दुधात मिठाचा खडा टाकताय?"

"दूध असतं तर टाकला नसता, साहेब."

ते हसले. मग अगदी गोड आवाजात बदलीचं नाव काढलं. आणि मी, ही एवढी मोठी तोफ, घाबरले. ओळ काढली, मूग गिळले, सही ठोकली. लाज वाटते सांगायला, पण सांगते.

दोन महिन्यांनी बहिणीच्या अर्जाला उत्तर आलं. तिने फोनवर वाचून दाखवलं. 'शेजारी देशाच्या तुलनेत आपला दवाखान्यांवरील खर्च सव्वापट आहे. सोबतचा तक्ता पाहावा. सबब, वाढीव नर्सची मागणी फेटाळण्यात येत आहे.'

"ताई, तक्त्याखाली तुझी सही आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडणार कोणावर? "एक ओळ होती गं त्याच्याखाली," मी म्हटलं, "मीच काढली."

"मला वाटायचं, तू तिथे आहेस म्हणजे आपलं कोणीतरी तिथे आहे," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

पुढच्याच महिन्यात तिने राजीनामा टाकला आणि पूल ओलांडून पलीकडच्या इस्पितळात रुजू झाली. तिथे बारा नर्स आहेत, खऱ्याखुऱ्या, हाडामांसाच्या. इकडे दवाखान्याला कुलूप लागलं. राजीनामा मात्र कुठल्यातरी टेबलावर पडून राहिला, त्यामुळे कागदावर ती अजून इथेच होती.

यंदाचा तक्ता घेऊन मी साहेबांकडे गेले. ते खुशीत होते. "शाब्बास! यंदाही आपणच पुढे."

"साहेब, माझी बहीण दोन्ही रकान्यांत आहे," मी म्हटलं. "तिकडे काम करते म्हणून तिकडे. इकडे मंजूर आहे म्हणून इकडे. आणि जिथे सहा नर्सचे पगार दाखवलेत, त्या दवाखान्याला कुलूप आहे."

साहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता तरी माणसात येतील. तर म्हणतात कसे, "म्हणजे त्यांचा आकडा फुगलाय तर! त्यांच्या रकान्यातून वजा करता येईल का तिला?"

मी तक्ता त्यांच्यासमोर आपटला. शिपाई दार उघडून बघायला लागला इतकी ओरडले. म्हटलं, तिकडे ती रोज बाळंतपणं करते, तेवढं एकच खरं आहे या अख्ख्या कागदावर, आणि तुम्ही तेच खोडायला निघालात! लाज कशी वाटत नाही? सही करणार नाही. बदली करा, घरी बसवा, काय वाटेल ते करा.

सही दुसऱ्या कोणीतरी केली. तक्ता ठरल्या दिवशी छापून आला, आणि माझ्या बदलीचा कागदही.

बहिणीला फोन लावला. इतके दिवस ती उचलत नव्हती, या वेळी उचलला. "यंदा मी सही केली नाही," मी सांगितलं.

"बरं केलंस, ताई," ती म्हणाली. "दवाखाना उघडला का मग?"

"नाही," मी म्हटलं.