अजून एक पायरी

दोष सुभेदार केरबाचा. हे नाव आधी घेतो, कारण गावात ते कुणी घेत नाही.

आता माझी ओळख. मी कॅमेरा. काळा, मुठीत मावणारा, दिसायला अगदी साधा. बोलणं हे माझं काम नाही. पण माझ्या पोटातल्या कार्डावर तीन फोटो आहेत, आणि ते मला गप्प बसू देत नाहीत.

माझं भिंग एकच, अंगाला कायमचं जडलेलं. ते निघत नाही, बदलता येत नाही, आणि मला झूम नाही. समोरचा माणूस मोठा दिसायला हवा असेल तर फोटो काढणाऱ्यानं पाय उचलायचे आणि जवळ जायचं. त्या बदल्यात मी गोठ्यातल्या अंधारातही म्हशीच्या कानावरचे केस दाखवतो. बटण दाबलं तर मांजराच्या पावलाइतकाही आवाज करत नाही. आणि माझ्या एका फोटोत इतकं काही भरलेलं असतं, की त्याचा कोपरा कापून मोठा केला तरी चेहरा फुटत नाही. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा.

खोडीही सांगतो. बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही. पाण्याचं मला वावडं आहे. आत एखादा कण शिरला तर तो पुसायची सोय नाही, कारण भिंगच निघत नाही.

माझी पहिली मालकीण साताऱ्याची, शरयूताई, डॉक्टर. हौसेनं घेतलं, आठवडाभरात झूम नाही म्हणून नाक मुरडलं आणि दोन वर्षं चांदीच्या वाट्यांशेजारी कपाटात ठेवलं. महागाची वस्तू घ्यायची आणि जपायची, म्हणजे वापरायचीच नाही, ही मोठ्या माणसांची रीत. पोरांनाही ते असंच जपतात.

तिच्याकडून मला विश्वजितनं विकत घेतलं. आष्ट्याकडचा, कृष्णाकाठच्या गावातला पोरगा. कराडचं इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षात सोडून घरी आलेला. वडील सैन्यात, आई त्यांच्यासोबत बदलीच्या गावी. हा लहानपणापासून चुलत्याकडे वाढला. चुलता म्हणजे सुभेदार केरबा, निवृत्त. गाव त्यांना तात्या म्हणतं. कॉलेज सोडल्यापासून ते जेवताना रोज त्याला ऐकवायचे. घरात बाकी कुणी तोंड उघडत नसे.

पैसे दिले चुलतीनं, विजयमाला काकीनं. मला पहिल्यांदा हातात घेऊन ती म्हणाली, "ही तर माझ्या मिसरीची डबी. हिच्यात माणूस मावतंय व्हय रं?"

"मावतंय की. फकस्त जवळ जावं लागतंय."

"मग जा की बाबा. कोण अडवतंय तुला?"

वर्षभर तो मला घेऊन हिंडला. ऊसतोडीच्या फडात, तालमीत, बाजारात. माणसांच्या हातभर अंतरावर जायचा. गमतीची गोष्ट, काकीचा फोटो मात्र निघेना. मी समोर आलो की ती पदर तोंडाला लावून चुलीकडे वळायची. घरातल्या जुन्या फोटोंतही ती कडेला, अर्धी कापलेली, हातात ताट. मधे तात्या, फेटा बांधून.

मग श्रावणात नदी चढली. पाणी घाटाच्या देवळाला लागलं की मानाच्या घरच्या बाईनं कृष्णामाईची ओटी भरायची, साडी, खण, नारळ पाण्यात सोडायचा, अशी त्या गावची रीत. दर वर्षी काकीच भरायची, गुपचूप. त्या साली तात्यांना पंचायतीला उभं राहायचं होतं. चौकात फ्लेक्स लावायचा ठरला, त्यावर ओटी भरतानाचा काकीचा फोटो. खाली मोठ्या अक्षरात नाव मात्र त्यांचं.

सकाळी दहाची वेळ. पाऊस थांबून ऊन पडलेलं. घाटावर पन्नास माणसं. काकी हिरव्या काठाचं लुगडं नेसून पाण्याच्या दोन पायऱ्या वर उभी होती. विश्वजित तिच्या वर, तात्या त्याच्या बाजूला.

पडद्यावर बघून तात्या म्हणाले, "ही एवढीशी दिसतीया. अन पाणी तर डबक्यागत. झूम कर."

"ह्याला झूम न्हाई तात्या."

"एवढा पैसा घातला अन झूम न्हाई? कॉलेजबी असंच अर्ध्यात, कॅमेराबी अर्धाच." माणसं हसली.

आता ऐका. त्याला म्हणता आलं असतं, घरी जाऊन कापून मोठा करतो, काकीला वरच राहू द्या. मी तसा फोटो सहज दिला असता. हे त्याला माहीत होतं. पण पन्नास माणसं हसली होती. तो म्हणाला, "जवळ जावं लागतंय." आणि दोन पायऱ्या उतरला.

पहिला फोटो तेव्हाचा. काकी चक्क हसतेय. कधी नव्हे ती माझ्याकडे बघतेय, विश्वजितसाठी.

"पाणी दिसंना अजून," तात्या खाली येत म्हणाले. "एक पायरी खाली हो गं."

"आवं, शेवाळ हाय. पाय ठरंना."

"काय हुत न्हाई. अजून एक पायरी. मी हाय की हितं."

दुसरा फोटो. डाव्या कडेनं तात्यांचा हात फ्रेममध्ये आलाय, बोट खाली दाखवणारा, सोन्याची अंगठी घातलेला. काकी बोटाकडे बघतेय. पायाचा अंगठा दगडात रुतवलाय. शेवाळाचा तंतू न् तंतू दिसतो. मी इतका साफ फोटो त्याआधी कधी काढला नव्हता.

तिसऱ्या वेळी बटण दाबायचं त्यानं ठरवलं नव्हतं, ते आपोआप दाबलं गेलं. त्या फोटोत पाणी आहे, तरंगणारा नारळ आहे, ओटीची साडी पसरत चाललीय. काकी नाही.

विश्वजितनं मला ओल्या पायरीवर टाकून उडी मारली. त्याला तिघांनी दोर टाकून ओढून काढलं. काकी दुसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्याला मिळाली.

आलेल्या-गेलेल्या सगळ्यांना तात्या एकच सांगत होते, की पोराच्या फोटोच्या नादात बाई गेली. विश्वजितनं खोडून काढलं नाही. त्यातला थोडा भाग खरा होता, आणि तेवढ्या भागानं त्याचं तोंड बंद केलं.

तेराव्याला फोटो हवा होता. घरात काकीचा धड एकही नव्हता. तात्यांनीच दुसरा फोटो निवडला, पहिल्यात तिचे दात दिसतात म्हणून. म्हणाले, "ती हाताची बाजू तेवढी काप." तो विश्वजितनं कापला, स्वतःच्या हातानं. काप बेमालूम जमला, चेहरा जराही फुटला नाही. तोच फोटो आज हार घालून भिंतीवर आहे आणि तेव्हा चौकात फ्लेक्सवरही होता. येणारी माणसं म्हणतात, काकी देवाकडे बघतायत जणू. त्या बोटाकडे बघतायत.

मी आता सांगलीत आहे. विश्वजितच्या भाड्याच्या खोलीत, तांदळाच्या डब्यात. त्या दिवशी ओल आत गेली ती गेलीच. भिंगामागं एक करडा डाग बसलाय, आणि तो प्रत्येक चित्रात एकाच जागी येतो, जिथं काकी उभी होती तिथं. मोकळी भिंत दाखवा, मोकळं आभाळ दाखवा, तिथं कुणीतरी उभं असल्यासारखं दिसतं. मला ते पुसता येत नाही.

कधीतरी विश्वजित मला बाहेर काढतो, बॅटरी चढवतो, दुसरा फोटो उघडतो. आधी अंगठीपर्यंत मोठा करतो. मग त्याच्या स्वतःच्या सावलीपर्यंत, ती काकीच्या पायाशी पडलीय. मग मला पुन्हा तांदळात पुरतो.

विश्वजित, माझं एवढं ऐक. तो फोटो अख्खा छापून त्या भिंतीवर लाव. बोटासकट आणि सावलीसकट. ते जमत नसेल तर कार्ड मोडून टाक आणि मला विकून टाक.

तो ऐकत नाही. तो एका स्टुडिओत ओळखपत्राचे फोटो काढतो, तिवईवरच्या झूमच्या कॅमेऱ्यानं, सहा फुटांवरून. गिऱ्हाइकाची मान वाकडी असली तर तोंडानं सांगतो, हात लावत नाही. गावी जात नाही. आईचा फोन उचलत नाही. त्याची काकी गेली, घर गेलं, आणि तो आता कुणाच्याही जवळ जात नाही.