रेडिएटरमधली हळद

आखातातल्या तुबली गावच्या गॅरेजात मेकॅनिक मुनाफने गाडीखाली सरकवलेला पुठ्ठा काढून पाहिला. कोरडा. पाइपही कोरडे. तरी रेडिएटरमधलं पाणी नाहीसं झालं होतं आणि गाडी उकळून भर रस्त्यात बसली होती.

ड्रायव्हर शामराव शेजारी उभा होता, आरोपीसारखा. कंपनीचा नियम साधा होता. गळती बाहेर असेल, तर ती ड्रायव्हरला दिसायलाच हवी. दिसूनही गाडी हाकली, तर व्हिसा कॅन्सल. गळती आत असेल, तर दोष नशिबाचा. नशिबाचा व्हिसा कंपनीच्या हातात नव्हता.

मुनाफने ऑइलची पट्टी ओढली. तेल कसलं, दुधाळ चहाच. घटकाभर इंजिन चालू केलं, तर मागे पांढरा धूर आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे.

"हेड गॅस्केट गेलं. इंजिन आतल्या आत पाणी पितंय. सुटलास, शामराव!"

शामरावने डोळे पुसले. गावी जागृतीचं, त्याच्या लेकीचं, नर्सिंगचं शिक्षण या नोकरीवरच चाललं होतं.

इंजिन निवल्यावर मुनाफने रेडिएटरमध्ये बोट घातलं. पिवळंधमक निघालं.

"इंजिनाचं लग्न लावलंस काय रे?"

"हळद हाय, मुनाफभाय. आमच्याकडचे ट्रकवाले घालतात. भोक बुजतं."

"म्हणजे पाणी जातंय हे तुला ठाऊक होतं!"

"आठवडाभर. सांगितलं असतं, तर गाडी काढून घेतली असती."

मुनाफने नळी लावली आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत रेडिएटर धुतला. "आता हळद मफी. नव्हतीच कधी. तोंड उघडायचं नाही."

मनामाच्या ऑफिसातून कंपनीचा मॅनेजर आला. टाय सावरत त्याने सगळं ऐकून घेतलं.

"आतली गळती, साब. कुणालाच दिसली नसती."

"नसीबवाला ड्रायव्हर है," मॅनेजर म्हणाला. "ऐसी गाडी इतने दिन चल गयी!"

इतक्या वर्षांच्या नोकरीत शामरावचं कौतुक कुणी केलं नव्हतं. आज होण्याजोगं होतं, तर तेही नशीब पळवत होतं. त्याला राहवेना.

"नसीब नहीं, साब. मैंने हल्दी डाला था."

"अच्छा? कब?"

"पिछले हफ्ते!"

मॅनेजर हसला. पहिल्यांदाच त्याने शामरावशी हात मिळवला. "कल ऑफिस आओ. पासपोर्ट ले जाना."

कंपनी पासपोर्ट दोनदाच हातात देते: सुट्टीवर जाताना आणि कायमचं जाताना.

गाडी वळेपर्यंत शामराव हात हलवत राहिला. "बघितलंस, मुनाफभाय? उगाच घाबरत होतास. सुट्टी दिली बघ मला!"

मुनाफ पेट्रोलच्या फडक्याने बोट घासत होता. मान वर न करता तो घासतच राहिला.