दुसरा ब्रेक

मॅडमचं वाक्य अर्ध्यावर आलं होतं, तेवढ्यात मास्तरांचा उजवा पाय गालिच्यावर करकचून दाबला गेला. मॅडम तिथेच थांबल्या. तोंड उघडं, हात हवेत.

"थांबलात का?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही ब्रेक दाबलात."

मास्तरांनी खाली पाहिलं. पाय आपल्याला काहीच ठाऊक नसल्यासारखा शहाजोगपणे पडून होता.

"ही काय गाडी आहे का, मॅडम?"

"या खोलीत तुमचा ब्रेक लागतो असं धरून चालू. तुम्ही दाबलात की मी थांबणार."

समुपदेशक मॅडम वयाने त्यांच्या पुतणीएवढ्या. शिकलेली माणसं भर दुपारी दार लावून असला पोरखेळ करतात, हे मास्तरांना नवीन होतं. पण मनातून थोडं बरंही वाटलं. घरी हा ब्रेक कोणी जुमानत नव्हतं. जेवताना टेबलाखाली पाय दाबला जायचा, त्याची आडवी पट्टी कुरकुरायची, आणि बायको म्हणायची, "अहो, माझ्याशी बोलताना तरी गाडी न्यूट्रलला ठेवा." झोपेतही पाय चालत असे. तिने मधे दोन उशा रचल्या होत्या.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. शिकणारा चुकला की तिथून गाडी थांबवायची. मास्तरांची उमेदीची सगळी वर्षं त्या शेजारच्या सीटवर गेली होती. स्टिअरिंग दुसऱ्याचं, चूक दुसऱ्याची, आणि वाचवल्याचं पुण्य तेवढं यांच्या नावावर. इतका किफायतशीर धंदा शोधून सापडायचा नाही. पण गेले काही आठवडे रिकाम्या रस्त्यावरही पाय दाबला जात होता. शिकणारे काचेवर आदळता आदळता वाचत होते. तक्रारी गेल्या. मालकीण, म्हणजे जुन्या मालकांची लेक, फार गोड आवाजात म्हणाली, "मास्तर, कुणाला तरी दाखवा. नाहीतर थोडे दिवस ऑफिसात फोनवर बसा." थोडे दिवस म्हणजे किती, ते मास्तरांना माहीत होतं. आधीचे मास्तर फोनवर बसूनच म्हातारे झाले होते.

"निघू या?" मॅडम म्हणाल्या. "लहानपणी तुमच्या—"

पाय. मॅडम थांबल्या.

"घरी बायकोला—"

पाय. हा मात्र मास्तरांनी मुद्दाम दाबला. गंमत वाटली. मॅडम पुतळ्यासारख्या. दाबलं की थांबतं, असं माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं होतं.

पण मॅडम पुन्हा निघेनात. पंखा फिरत राहिला. खालच्या मजल्यावर कोणीतरी फर्निचर सरकवलं. गाडी थांबवणं सोपं, थांबलेल्या गाडीत बसून राहणं कठीण, हे मास्तर रोज दुसऱ्यांना सांगत. इथे तर मागून कोणी हॉर्नही वाजवत नव्हतं. त्यांनी घसा खाकरला, रुमाल काढला, परत ठेवला.

"शिडी होती," ते म्हणाले.

मॅडमनी नुसती मान हलवली.

"गोदामाच्या रस्त्यावर. हे पायाचं सुरू झालं त्याच्या आदल्या दिवशी. चष्म्याच्या दुकानातल्या बाई चालवत होत्या. चांगला हात आहे त्यांचा, पण भित्र्या. नवऱ्याला अर्धांगवायू झालाय. घरची गाडी दारात धूळ खात उभी, आणि त्याला व्यायामाला न्यायचं तर रोज कुणाची तरी मनधरणी. म्हणून शिकतायत. तर दोन ट्रकांच्या मधून एक रंगारी आला. खांद्यावर शिडी. मी पाहिला त्याला. अगदी नीट पाहिला. टोपीवर निळा रंग सांडला होता, तोसुद्धा पाहिला."

"आणि?"

"पाय आला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आला नाही. घरातल्या माणसाला हाक मारावी आणि त्याने कूसही बदलू नये, तसा. मी आपला बघत बसलो."

मास्तरांच्या वरच्या ओठावर घाम आला होता. शिडीचं टोक बॉनेटला टेकलं होतं, तेवढंच. रंगारी शिव्या देत निघून गेला.

"मग गाडी थांबली कशी?"

"बाईंनी थांबवली. स्वतः." ते रुमालाची घडी मोडू लागले. "आणि माझ्याकडे वळून रडायलाच लागल्या. म्हणाल्या, मास्तर, तुम्ही होतात म्हणून."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, त्यासाठीच तर बसलोय."

बोलून झाल्यावर त्यांना हसू आलं, आणि ते हसू तोंडावरून पुसायला बराच वेळ लागला. मालकीण ती हकीकत आता प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगत होती. आमच्या मास्तरांचा पाय म्हणजे काय, बघाच तुम्ही. स्कूलची निम्मी अब्रू त्या पायावर उभी होती.

"त्या बाई आता—"

पाय इतक्या जोरात दाबला गेला की खुर्ची मागे सरकली. मॅडम थांबल्या. या वेळी मास्तरांनी फार वाट पाहिली नाही.

"परीक्षेला जात नाहीत. तारीख आली की पुढे ढकलतात. म्हणतात, शेजारी तुम्ही नसलात तर माझ्या हातून कुणाचा तरी जीव जाईल. नवरा घरीच पडून असतो." ते थांबले. "सांगून टाकलं तर माझं उरतं काय, मॅडम? मास्तर म्हणजे दुसरं काय आहे? हा पायच ना?"

मॅडम काही लिहीत नव्हत्या. पेनाचं टोपण चावत होत्या.

"तुम्हीच सांगा. काय करू मी?"

"मला गाडी चालवता येत नाही," मॅडम म्हणाल्या, आणि घड्याळाकडे पाहिलं. वेळ संपली होती.

जिना उतरताना मास्तरांनी मनातल्या मनात त्यांना दोन सणसणीत शिव्या हासडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाल्या बाई सरावाच्या आवारात गाडी सुरू करून बसल्या होत्या. फाटकापाशी मालकीण एका नव्या गिऱ्हाइकाशी हातवारे करत बोलत होती. एक हात शिडीसारखा तिरपा धरला होता. मास्तर शेजारच्या सीटवर बसले. पट्टा लावला. पट्टा काढला. दार उघडून खाली उतरले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. "टायर?"

"एक चक्कर मारून या. एकट्या."

"थट्टा करताय? सकाळी सकाळी? आणि ब्रेक कोण लावणार?"

"त्या दिवशी ज्यांनी लावला होता, त्यांनीच."

"तेच म्हणतेय मी. तुम्ही."

"मी नव्हतो."

बाई हसल्या. मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं. पाटीवरची अक्षरं न दिसताच अंदाजाने ठोकून देणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं, तसं त्या मास्तरांकडे बघत राहिल्या.

"माझा पाय जागेवर नव्हता," मास्तर म्हणाले. "म्हणजे होता, पण हलला नाही. गाडी तुम्ही थांबवलीत. बरोबर जागी, बरोबर जोराने. मला तेव्हाच सांगायला हवं होतं."

"मी परीक्षेच्या तारखा घालवल्या, मास्तर."

"हो."

"आमच्या यांना आतापर्यंत चार पावलं टाकता आली असती."

दाराच्या काठावर ठेवलेला हात मास्तरांनी काढून घेतला.

"दार लावा," बाई म्हणाल्या.

गाडी झटका खाऊन निघाली. फाटकापाशी मालकिणीचा तिरपा हात तसाच राहिला. "मास्तर! अहो, त्या एकट्या? तुम्ही खाली कसे?" ती लगबगीने येऊ लागली. नवं गिऱ्हाईक तिच्या मागे.

आवाराच्या दुसऱ्या टोकाला गोदामाच्या दारातून एक कामगार खोक्यांची हातगाडी ओढत पाठमोरा बाहेर आला. मास्तरांचा पाय खडीत रुतला. खडी कर्रकन वाजली. गाडी त्याआधीच थांबली होती. कामगाराने मागे वळूनही पाहिलं नाही.

बाईंनी त्याला जाऊ दिलं, गाडी वळवली आणि परत आणून मास्तरांच्या समोर उभी केली. मालकीणही धापा टाकत पोचली होती, पण बाईंचा चेहरा पाहून तिने प्रश्न गिळला. बाईंनी काच खाली केली. त्यांचे डोळे ओले होते, आवाज मात्र दुकानातला होता.

"बसा."

मास्तरांनी सवयीने पुढच्या दाराला हात घातला.

"तिथे नाही. मागे."

मास्तरांनी मालकिणीकडे पाहिलं नाही. मागचं दार उघडून ते आत शिरले. गुडघे समोरच्या सीटला टेकले. पाय कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. मग त्यांनी ते होते तिथेच राहू दिले.

बाई आरशातून त्यांच्याकडे बघत होत्या. इंजिन चालू होतं, पण गाडी हलत नव्हती.

"पट्टा," त्या म्हणाल्या.