आधी पाटी पुसा

आमच्या ऑफिसात ‘झालं’ या शब्दाचा अर्थ ‘तक्रार येईपर्यंत चालेल’ असा होता. हा अर्थ मंदारने रूढ केला. भोपाळच्या होशंगाबाद रोडवर तिसऱ्या मजल्यावर आम्ही आठ माणसं लॅपटॉपमधल्या आवाजाच्या चिपसाठी ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्रॅम, लिहायचो. म्हणजे सात जण लिहायचे आणि मंदार, आमचा लीड, ते ‘फास्ट’ करायचा.

हेडफोनची पिन घातली की चिप प्रोसेसरला हाक मारते. त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात. हाक कशासाठी मारली, ते चिप स्वतःजवळच्या एका रजिस्टरमध्ये मांडून ठेवते. मी त्याला पाटी म्हणते. ड्रायव्हरने पाटी वाचायची, मग पुसायची, आणि स्पीकर बंद करून आवाज हेडफोनला द्यायचा. दारात आलेल्या माणसाला आधी काम विचारतात आणि मग वाटेला लावतात, इतकं हे साधं आहे. मी तसंच लिहिलं होतं.

मंदारने ते उलटं केलं. आधी पुसायची, मग वाचायची. इंटरप्ट आला की पटकन मोकळं व्हायचं असतं, असं त्याने कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलं होतं. पुसलेल्या पाटीवर काय वाचणार, असं मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “अगं, चालून राहिलं ना? मग कायले डोकं लावते?” मंदारचे वडील नागपूरहून बदलीवर आले होते, चिडला की तो घरच्या बोलीवर यायचा. खरी गंमत अशी की ते चालतही होतं. वर मोठ्या मनाने त्याने तो बदल माझ्या नावाने टाकला. “तुझं नाव होईल,” म्हणाला.

नाव झालं. लॅपटॉप कंपनीकडून तक्रार आली की हेडफोन लावला तरी स्पीकर वाजतच राहतो. कुणा बाईचं डॉक्टरांशी चाललेलं खासगी बोलणं सगळ्या वाचनालयाने ऐकलं होतं. मंदारने बदलांचं रेकॉर्ड उघडलं, माझं नाव बघितलं आणि मालक भालचंद्र सरांकडे जाऊन हळहळला. सर म्हणाले, ज्याचं नाव त्याची जबाबदारी. शुक्रवारी माझे प्रोबेशनचे सहा महिने संपत होते.

मला ही नोकरी हवी होती, ते लपवत नाही. भोपाळमध्ये हे काम करणारं दुसरं ऑफिस मला माहीत नव्हतं. ही गेली की पुन्हा पुणं, आणि इकडे बाग सेवनियात आई एकटी. बाबा गेल्यापासून ती दाराची बेल वाजली तरी दचकते. मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त राग येत होता.

चूक कुठे आहे ते मला माहीत होतं, पण ती दाखवता येत नव्हती. ऑफिसातल्या एकाही मशीनवर ती होईना. टेस्टिंगचे दिलीपजी, पिपलानीत कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आयुष्य गेलेला सज्जन माणूस, म्हणाले, “मॅडम, दोनशे बार पिन घातली, दोनशे बार पास.” मी स्वतः पन्नास वेळा घातली. पास. मंदार शीळ घालत फिरत होता.

गुरुवारी अकरा वाजता लॅपटॉप कंपनीच्या मेघाचा व्हिडिओ कॉल आला. ती मूळची इंदूरची, त्यामुळे बोलणं मराठीत. भालचंद्र सर शेजारी बसले होते. मंदारने ऐटीत पिन उचलली, लॅपटॉपमध्ये घातली, गोल फिरवली. स्पीकर बंद झाला, हेडफोन वाजू लागला. “बघा मॅडम, आमच्याकडे तर मख्खन चालतंय.”

“सर,” मेघाने विचारलं, “तुम्ही पिन फिरवली कशाला?”

“म्हणजे? अशीच घालतात.”

“कोण घालतं?”

सगळेच. निदान आमच्याकडे. पिपलानीतल्या जुन्या टेपरेकॉर्डरला पिन फिरवल्याशिवाय आवाज यायचा नाही, म्हणून दिलीपजी फिरवायचे. पहिल्या दिवशी ते प्रत्येकाला शिकवायचे, “घालून जरा घुमा देना.” आठ इंजिनियर नव्याकोऱ्या लॅपटॉपमध्ये पिन इमानेइतबारे घुमवत बसले होते. त्या आठांत मीही होते. मंदारला आठवडाभर मनात मूर्ख म्हणताना माझी बोटं तेच करत होती, याची मला अजून लाज वाटते.

पिन फिरवली की आतला संपर्क दहा वेळा तुटतो आणि जुळतो. चिप दहा हाका मारते. त्यातली एखादी नेमकी पुसणं झाल्यावर आणि वाचण्याआधी पाटीवर येते, म्हणून पास. सरळ घातली की एकच हाक, आणि ती आम्ही न वाचताच पुसत होतो.

“आता सरळ घाला,” मेघा म्हणाली. मंदारने घातली. स्पीकर बोंबलतच राहिला.

मी माझ्या मशीनवर त्या ओळी बदलल्या. आधी वाचायचं, वाचलेलं बाजूला ठेवायचं, आणि जेवढं वाचलं तेवढंच पुसायचं. पाच मिनिटांचं काम. मग पिन भालचंद्र सरांच्या हातात दिली आणि म्हटलं, फिरवू नका. स्पीकर गप्प झाला. मेघा हसली, ‘सोमवारी दुरुस्ती पाठवा’ म्हणाली आणि गेली.

“हेच मी हिला सांगून राहिलो होतो,” मंदार म्हणाला. “आधी वाच म्हणून.” चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात ते मी प्रथमच इतक्या जवळून ऐकलं. मी त्याचं जुनं मेल उघडून सरांसमोर धरलं. त्यात त्याच्याच शब्दांत होतं: आधी पुसा, फास्ट होतं.

सरांनी मेल वाचलं नाही. त्यांनी खणातून एक लिफाफा काढला. “हे तयार होतं. पण आता मागे घेतो. फक्त दुरुस्ती मंदारच्या नावाने जाऊ दे. लीडची इज्जत असते, बेटा.”

मी लिफाफा उघडला. मला काढल्याचं पत्र होतं, खाली सरांची सही. तारीख बुधवारची. म्हणजे मला विचारायच्या आदल्या दिवशीच मला पुसून झालं होतं.

आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तरीही मी पत्र पर्समध्ये ठेवलं, लॅपटॉप मंदारच्या टेबलावर ठेवला आणि निघाले. जिना उतरताना रडले, हेही सांगून टाकते.

सोमवारी दुपारी आई पोळ्या लाटत होती आणि मंदारचा फोन आला. आवाज अगदी साखरेचा.

“गौरी, मी त्या ओळी उलट्या केल्या ना, तर पिन कळते, पण हेडफोनचं बटण कधी चालतं, कधी नाही. तू नक्की काय लिहिलं होतं?” म्हणजे वाचून झाल्यावर तो सगळीच पाटी पुसत होता, आणि मध्येच आलेली बटणाची हाक त्यात जात होती.

“माझ्या मशीनवर आहे. मी कुठे पाठवलंय अजून?”

“मशीन तर शुक्रवारीच फॉरमॅट मारलं. नव्या मुलीला द्यायचं होतं.”

“आत काय आहे ते बघितलं होतं?”

“नाही ना. आधी पुसलं.”

आईने लाटणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी मी मोठ्याने हसत होते.

“मग घुमवून बघा,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.