पहिल्या दिवसाची चाचणी

सकाळी साडेदहाला, प्रश्नपत्रिका वाटून झाल्यावर हंबीरराव चौगुले बाकावरून उठले आणि म्हणाले, "मी काय मुद्दाम चुकणार न्हाय."

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका शाळेच्या सभागृहात गणित-विज्ञानाचे चाळीसेक शिक्षक बसले होते. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या प्रशिक्षणाचा हा पहिला दिवस. आज एक चाचणी, शेवटच्या दिवशी पुन्हा तीच. मधल्या काळात सुधारणा दिसली तरच पुढच्या वर्षीचं अनुदान. गेल्या वर्षी, २००३ साली, शिक्षकांनी एकमेकांचं बघून पहिल्याच चाचणीत भरभरून गुण मिळवले आणि पुण्याहून शेरा आला, यांना प्रशिक्षणाची गरज दिसत नाही. प्रशिक्षण केंद्र कसंबसं वाचलं. म्हणून ते चालवणाऱ्या शाहिस्ता मुजावरने आज दार लोटून सगळ्यांना सांगितलं होतं, पहिल्यांदा जरा चुकाच.

"सर, केंद्र बंद पडंल," ती त्यांच्या बाकाशी येऊन हळू म्हणाली.

चौगुले जयसिंगपूरचे. सातवीत तिला गणित त्यांनीच शिकवलेलं.

"पडू दे. तीस वर्सं फळ्यापुढं उभा हाय मी. आता तू मला चुकायला शिकवतीस व्हय गं?"

"बसा की सर," मागून जोतीराम माने म्हणाले. "तुमचं एकट्याचं बरोबर आल्यानं काय सरकार पडत न्हाय."

हशा पिकला. चौगुले बसले आणि मान खाली घालून लिहू लागले.

चाचणी संपते न संपते तोच पुण्याच्या अधिकारी सामंतबाई दारात उभ्या. त्या आज येणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी उत्तरपत्रिका मागून घेतल्या आणि उभ्याउभ्याच चाळल्या. शाहिस्ता टेबलावरचे खडू उगाच सारखे करत राहिली.

"पाचवा प्रश्न जवळजवळ सगळ्यांचा चुकलाय," सामंतबाई म्हणाल्या. "एसटी कोल्हापूरहून जयसिंगपूरला ताशी चाळीस किलोमीटरनं गेली, त्याच रस्त्यानं ताशी साठनं परत आली. सरासरी वेग किती? एवढंच आहे. कोण करून दाखवतं फळ्यावर?"

मग चौगुले उठले.

शाहिस्ता खडू सोडून सरळ उभी राहिली. लोटलेलं दार, तिचं ते सांगणं, आता सगळं बाहेर येणार. पण चौगुल्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चाळीस आणि साठ यांची बेरीज केली, दोनाने भागलं, पन्नास लिहिलं. उत्तराखाली दोन ठसठशीत रेघा मारल्या आणि हात झटकले.

तिला हायसं वाटलं. सरांनी सांभाळून घेतलं.

मग तिने त्यांचा चेहरा पाहिला. गणित बरोबर सुटल्याचं समाधान होतं त्यावर.

जाताना गाडी सावकाश, म्हणजे त्या वेगाने वेळ जास्त गेला. सरासरी पन्नासच्या खालीच येणार. अठ्ठेचाळीस. हे तिला कॉलेजात गेल्यावर कळलं होतं. सातवीच्या वहीत तिनेही पन्नासच लिहिलं होतं आणि त्यावर बरोबरची खूण सरांची होती.

चौगुले जागेवर येऊन बसले. "ह्यात मुद्दाम चुकायचं काय, सांगा बघू," ते शेजाऱ्याला म्हणाले.

"पन्नासच की," मागून जोतीराम कुजबुजले. "म्हणून तर मी दोन कमी लिवलं."

पुढच्या बाकावरच्या दोन शिक्षिका एकमेकींकडे बघून माना डोलावत होत्या. शाहिस्ताने सभागृहभर नजर फिरवली. तिचं ऐकून चुकलेले कोण आणि आपलं आपण चुकलेले कोण, तिला सांगता आलं नसतं.

सामंतबाईंनी खडू तिच्यापुढे धरला.

"मॅडम, उद्यापासून यांना तुम्ही शिकवणार. सांगा, हे बरोबर आहे का?"

चौगुले तिच्याकडे बघत होते. निवांत, थोडे कौतुकानेच. आपल्या हाताखालून गेलेल्या मुलीला पुढे बोलावल्यावर बघावं तसे.

पावणेबाराला शाहिस्ता फळ्यापाशी पोचली होती. खडू तिच्या हातात होता. पन्नासाखालच्या दोन रेघा तशाच होत्या आणि तिने अजून काही लिहिलं नव्हतं.