भुरीबाईचा दात मी पाडला

मित्रांनो, मी एक जुना नोकर आहे. भुरीबाईच्या हिरडीत कामाला होतो. पुस्तकात मला विकर, म्हणजे एन्झाइम, म्हणतात. मी डोळ्यांना दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर आता दिसूही नये असंच वाटतं. आमच्यातला एकेक जण फार टिकत नाही. एक संपला की दुसरा त्याच कामावर. म्हणून सगळ्यांचा मिळून मी 'मी' म्हणतो.

दात नुसता रोवलेला नसतो. बारीक, चिवट दोऱ्यांनी तो हिरडीला आणि हाडाला बांधलेला असतो. त्यातला झिजलेला दोरा कापून बाजूला करायचा, एवढंच माझं काम. नवा दोरा वळणारे वेगळे. माझ्यावर पहारेकरीही नेमलेले होते, कारण मला कापता येतं, थांबता येत नाही.

भुरीबाईचा बंजारा तांडा घाटंजीजवळ. कांचळीवर, म्हणजे त्यांच्याकडच्या चोळीवर, ती आरसे टाचायची. कात्री घरात नव्हती. दोरा ती वरच्या पुढच्या दाताने तोडायची.

१९५६ साली एका सकाळी बाभळीच्या काडीने दात घासताना थोडं रक्त आलं. तिने काडी फेकून दिली.

"घासलं तं रक्त येते. मंग कायले घासू?"

नवऱ्याला, देवसिंगला, हे इतकं पटलं की त्यानेही घासणं सोडलं. त्याला तर रक्तही येत नव्हतं.

दातांच्या कडेला जंतूंनी मुक्काम ठोकला. शरीराने हाळी दिली. पांढऱ्या पेशी धावल्या, त्यांच्याबरोबर माझे असंख्य भाऊबंद. जंतू काही हटेनात. पण बोलावलंय तर रिकामं कसं बसायचं? समोर दोरे होते. आम्ही जुने कापले, मग नवेही कापले. पहारेकरी कमी पडले. भोवतालचं हाडही झिजत गेलं. चोर शिरला म्हणून घरच पाडणारे रखवालदार आम्ही. भुरीबाईला काही दुखलंसुद्धा नाही. याचीच मला जास्त लाज वाटते.

१९६२ साली तिच्या लेकीचं, रामीचं, लग्न ठरलं. लग्नाची कांचळी शिवताना भुरीबाईने दोरा दातात धरून ओढला. दोरा तुटला नाही. दात हलला.

"याडी, तुहा दात हालून राह्यला!" रामी ओरडली. याडी म्हणजे आई.

"माह्यावर दात खाऊन खाऊन ढिला झाला असन," देवसिंग म्हणाला.

"गप राहा जी. लगन आठ दिवसांवर आलं."

कांचळीवरच्या आरशात एका वेळी एकच दात मावायचा. बोट लावून तिने पाच आरशांत पाच दात पाहिले. पाचही हलत होते.

बाजाराच्या दिवशी भुरीबाई आणि देवसिंग घाटंजीला नरहर डॉक्टरांकडे गेली. पुढचा दात डॉक्टरांच्या चिमट्यात जवळजवळ आपणहून आला. त्यांनी तो उजेडात धरला.

"बाई, याला कीड नाही. एक डागही नाही. धरून ठेवणारंच काही उरलं नव्हतं."

मी त्या दाताच्या मुळाशी चिकटून ऐकत होतो. निरपराधाला फाशी झाली होती.

"अन् बाकीचे चार?"

"राहतील. दातांवरचं कीट खरवडून देतो. पण रोज घासायचं. रक्त आलं तरी."

"रक्त आलं तरी?"

"ते येतं म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी तिने चावून मऊ केलेल्या काडीने दात घासले. रक्त आलं.

"सोड न वो," देवसिंग म्हणाला.

"सोडलं म्हणूनच एक गेला," ती म्हणाली, आणि घासत राहिली. तिसऱ्या दिवशी रक्त. पाचव्याही. दहाव्या दिवशी नाही. हाळी थांबली, पहारेकऱ्यांनी मला आवरलं. चार दात राहिले.

त्याच वर्षी परदेशात शास्त्रज्ञांनी माझा एक नातेवाईक बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत शोधून काढला. शेपटी विरघळवायला तो मदत करतो म्हणून त्याचं केवढं कौतुक! घराणं एकच. त्याने बेडूक घडवला, मी भुरीबाईचा दात पाडला.

रामीच्या लग्नात भुरीबाई हसली, पण तोंडाशी पदर धरून. त्या पदराआड काय आहे, ते मला माहीत होतं.

मित्रांनो, हिरडीतून रक्त आलं तर हात मागे घेऊ नका. हलक्या हाताने, पण रोज घासा, आणि डॉक्टरांना दाखवा. मला हाक मारायची वेळच आणू नका. हाक आली की मी येतो, आणि समोर दिसेल ते कापतो. नाही म्हणायला मला कुणी शिकवलेलं नाही.